जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरला नवा सेल्फ जोडताना

पेट्रोलवर चालणारी, १४८९ सीसी इंजिनाची आमची अ‍ॅम्बॅसॅडर सांगलीच्या गावभागात असते आणि अजूनही अधूनमधून मिरजेला किंवा नरसोबाच्या वाडीला जाऊन येते. गेल्या उन्हाळ्यात तिने एक खोड धरली. सकाळी थंड इंजिनावर ती रडतखडत का होईना सुरू होत असे. पण बाजारात थोडा वेळ थांबून पुन्हा किल्ली फिरवली, की बॉनेटखालून फक्त ‘कट्’ असा आवाज येई, डॅशबोर्डावरचा लाल दिवा मालवल्यासारखा होई आणि पुढे काहीच घडत नसे. या गाडीला पुढून हँडल मारायची सोय असल्याने वाटेत अडकून पडण्याची वेळ आली नाही; तरी भर उन्हात, चार माणसांच्या देखत बंपरपुढे वाकून हँडल मारणे हा काही नित्याचा मार्ग होऊ शकत नव्हता.

बॅटरी नवी होती. तरीही ज्याला विचारावे तो आधी बॅटरीकडेच बोट दाखवी, आणि बॅटरी नवी आहे असे सांगितले की पुढचा सल्ला ‘आर्मेचर भरून घ्या’ (सेल्फच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरच्या, फिरत्या भागाची गुंडाळी नव्याने करून घ्या) हा ठरलेला असे. माधवनगर रस्त्यावर ज्या मिस्त्रींकडे मी वायरिंगची कामे नेतो, त्यांनी मात्र सेल्फला हात लावण्याआधी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि इंजिनाच्या अंगावर मीटरची टोके धरली आणि मला किल्ली फिरवायला सांगितले. काटा हलला तसे ते म्हणाले, “सर, सेल्फ बदलून काय हुतंय? करंट जायला वाट पायजे तशी माघारी यायलाबी पायजे की. ती वाटच बंद झालीया.”

ही तपासणी कोणालाही घरी करता येते आणि तिच्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड तार काढून तिचे टोक इंजिनाला टेकवून ठेवायचे, म्हणजे सेल्फ फिरला तरी इंजिन सुरू होत नाही. मग सेल्फ फिरत असतानाच व्होल्ट मोजायचे. उभ्या गाडीत मोजलेल्या आकड्याला या कामात काही अर्थ नसतो, कारण तारेतला दोष तिच्यातून मोठा प्रवाह वाहू लागल्याशिवाय दिसत नाही. आमच्या बॅटरीवर विश्रांतीच्या वेळी १२.६ व्होल्ट होते आणि सेल्फ मारताना ते १०.८ पर्यंत उतरत होते, म्हणजे बॅटरी निरोगी होती. पण बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या टर्मिनलपर्यंत ०.७ व्होल्ट आणि इंजिनाच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत तब्बल १.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. मोटरच्या वाट्याला उरत होते जेमतेम ८.७. पॉझिटिव्ह बाजूला अर्धा व्होल्ट आणि अर्थच्या, म्हणजे इंजिनाच्या अंगातून बॅटरीकडे परतण्याच्या, बाजूला पाव व्होल्ट एवढी घट चालवून घेता येते. त्यापुढचा आकडा दिसला, की दोष मोटरमध्ये शोधण्याआधी तारांमध्ये शोधावा. मीटरचे टोक बॅटरीच्या क्लॅम्पवर न ठेवता खुद्द शिशाच्या खांबावर ठेवणे महत्त्वाचे असते, नाहीतर क्लॅम्प आणि खांब यांच्यामधला गंज मोजणीतून निसटतो.

अर्थची पट्टी म्हणजे इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे सेल्फमधून गेलेल्या प्रवाहाला बॅटरीकडे परतण्यासाठी ही पट्टी हाच खरा रस्ता असतो. आमच्या गाडीतली पट्टी बाहेरून शाबूत दिसत होती, पण बोल्ट सोडून तिला जरा वाकवताच आतून हिरवट पूड गळू लागली आणि विणीतल्या निम्म्या तारा हातात आल्या. त्याचे कारण मला लगेच उमगले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते, आणि त्या पाण्यात आमची गाडी सीटपर्यंत बुडाली होती. पूर ओसरल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळे उघडून धुतले गेले, तेले बदलली गेली, सीटच्या गाद्या नव्या भरल्या. इंजिनाखालची ही वीतभर पट्टी मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही आणि ती गाळ पोटात धरून वर्षानुवर्षे कुजत राहिली.

मिस्त्रींनी मग चोकची केबल दाखवली. तिच्या वरचे प्लास्टिकचे आवरण कार्बोरेटरजवळ तपकिरी पडून सुरकुतले होते आणि एके ठिकाणी वितळून आतली स्प्रिंग उघडी पडली होती. अर्थची पट्टी निकामी झाली, की सेल्फचा प्रवाह इंजिनातून सांगाड्याकडे जाण्यासाठी मिळेल तो धातू धरतो आणि चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची बारीक केबल त्याच्या तावडीत सापडते. जुन्या गाडीत चोकची बटणदांडी ओढताना गरम लागली किंवा सेल्फ मारल्यावर जळका वास आला, तर मीटर नसतानाही अर्थ गेल्याचे ओळखता येते. ही खूण मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती.

नवी पट्टी घातल्यावर सेल्फच्या आवाजात लगेच फरक पडला. पण इंजिन तापल्यावरची तक्रार पुरती गेली नाही. तेव्हा सेल्फ खाली उतरवून उघडला. हा सेल्फ मूळचा, जुन्या ब्रिटिश पद्धतीचा होता. त्यात मोटर फिरली की पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, स्वतःच्या जडत्वामुळे आटेदार दांड्यावरून सरकतो आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये जाऊन आदळतो. त्याच्या अंगावर सोलेनॉइड, म्हणजे किल्लीच्या इशाऱ्यावर सेल्फची वीज जोडणारा विद्युतचुंबकी स्विच, नसतो. तो वेगळा, बॉनेटखाली बाजूच्या पत्र्यावर बसवलेला असतो आणि सेल्फला एकच जाड केबल येते. उघडल्यावर दिसले ते असे: दांडा ज्यात फिरतो त्या मागच्या बुशमध्ये पुराचा बारीक गाळ तेलात मिसळून घासण्याच्या पेस्टसारखा झाला होता, बुश लंबगोल झाली होती आणि त्यामुळे आर्मेचर एका बाजूला झुकून फील्डच्या, म्हणजे त्याच्याभोवतीच्या स्थिर चुंबकांच्या, लोखंडाला घासत होते. आर्मेचरच्या अंगावर चकाकणारा ओरखड्यांचा पट्टा उमटला होता. तापल्यावर धातू प्रसरण पावून ही घसट वाढत असावी, हे त्या पट्ट्याकडे पाहूनच पटले. कम्यूटेटरचे, म्हणजे आर्मेचरला वीज देणारे ब्रश जिथे घासतात त्या भागाचे, तांबेही इतके झिजले होते, की लेथवर आणखी एक हात मारण्याजोगे काही शिल्लक नव्हते.

बुश बदलून, आर्मेचर भरून तोच सेल्फ पुन्हा वापरणे हा एक मार्ग होता आणि मूळ वस्तूंचा आग्रह धरणाऱ्या माणसाने तोच घ्यावा असे माझे मत आहे. मी गाडी वापरण्यासाठी ठेवली आहे, प्रदर्शनासाठी नाही. त्यामुळे अंगावरच सोलेनॉइड असलेला, आतमध्ये वेग उतरवणारे गिअर असलेला, आकाराने लहान आणि वजनाने हलका असा नव्या पद्धतीचा सेल्फ घालायचे ठरवले. या पद्धतीत सोलेनॉइड आधी दुबेळक्याने पिनियनला ढकलून रिंगमध्ये बसवतो आणि पिनियन बसल्यावरच मोटरला वीज देतो. आदळआपट होत नाही, रिंगचे दात खात नाहीत आणि प्रवाहही कमी लागतो.

इथे एक इशारा देणे भाग आहे. जुन्या ब्रिटिश घडणीच्या कित्येक इंजिनांमध्ये या दोन पद्धतींच्या सेल्फसाठी फ्लायव्हीलच्या रिंगाच वेगवेगळ्या असत. दातांची संख्या वेगळी आणि दातांना ज्या बाजूने उतार दिलेला असतो ती बाजूही वेगळी. म्हणून ‘अ‍ॅम्बॅसॅडरचा सेल्फ द्या’ एवढे सांगून वस्तू घेऊ नये. आम्ही जुना सेल्फ बरोबर नेला, पिनियनच्या दातांची जाडी आणि अंतर जुळवून पाहिले, फिरण्याची दिशा पाहिली, बोल्टच्या भोकांमधले अंतर मोजले, आणि सेल्फ उतरवल्यावर जी खिडकी मोकळी होते तिच्यातून बॅटरीच्या उजेडात, म्हणजे टॉर्च धरून, रिंग हळूहळू फिरवत तिचे सगळे दात तपासले. दुकानदाराने दाखवलेला पहिला सेल्फ बाहेरून अगदी हुबेहूब होता, पण त्याच्या पिनियनचे दात बारीक निघाले.

अर्थची दिशाही आधी पाहून घ्यावी लागते. जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये फील्डची आणि आर्मेचरची गुंडाळी एकापाठोपाठ एक जोडलेली असते, त्यामुळे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची अदलाबदल झाली तरी ती त्याच दिशेने फिरते. नव्या लहान सेल्फमध्ये फील्डच्या जागी बहुधा कायमचुंबक असतात आणि तिथे अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरते. ज्यांच्याकडे पॉझिटिव्ह अर्थ असलेली, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब सांगाड्याला जोडलेली, फार जुनी ब्रिटिश घडणीची गाडी आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. आमच्या गाडीत निगेटिव्ह अर्थ असल्याने हा प्रश्न आला नाही.

बसवण्याचे काम दोन बोल्टांचे होते आणि डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या अंगाला हात पोचवण्यापलीकडे त्यात फारसे कौशल्य नव्हते. खरा विचार करावा लागला तो तारांचा, कारण जुन्या सेल्फला एक जाड केबल होती आणि नव्याला मुख्य तीन टर्मिनल होते. एक जाड, बॅटरीच्या केबलसाठी. दुसरे जाड, जे सोलेनॉइडमधून मोटरच्या पोटात जाते आणि ज्याला बाहेरून काही जोडायचे नसते. आणि तिसरे पातेवजा छोटे, ज्याला किल्लीकडून इशारा मिळाला की सोलेनॉइड ओढला जातो.

सगळ्यात सोपी, आणि म्हणूनच पुष्कळ ठिकाणी केली जाणारी जोडणी अशी, की गाडीच्या मूळ तारांना हातच लावायचा नाही. जुन्या सोलेनॉइडमधून येणारी जाड केबल नव्या सेल्फच्या जाड टर्मिनलला लावायची आणि तिथूनच एक आखूड तुकडा काढून छोट्या टर्मिनलला द्यायचा. जुन्या सोलेनॉइडने वीज सोडली की दोन्ही टर्मिनल एकदम जिवंत होतात आणि सेल्फ फिरतो. गाडी सुरू होते हे खरे. पण किल्ली सोडल्यानंतर काय होते हे पाहिले पाहिजे. त्या क्षणी मोटर वेगात फिरत असते आणि कायमचुंबकाची मोटर बाहेरची वीज तुटल्यावर काही काळ स्वतःच जनित्र बनते. तिची ती वीज सोलेनॉइडच्या अजून मिटलेल्या संपर्कातून जाड टर्मिनलवर आणि तिथून त्या आखूड तुकड्यातून छोट्या टर्मिनलवर येते, आणि सोलेनॉइडला धरून ठेवणाऱ्या गुंडाळीला पुरेल एवढी असते. परिणामी इंजिन सुरू झाल्यावरही पिनियन लगेच मागे येत नाही, थोडा वेळ रिंगमध्येच अडकून राहतो आणि कर्कश किंचाळी ऐकू येते. सेल्फमध्ये एकेरी, म्हणजे एकाच दिशेने जोर देणारा, क्लच असल्यामुळे लगेच मोडतोड होत नाही, पण रोज एवढा ताण सोसून तो क्लच किती टिकणार? मिस्त्रींनी सुरुवातीला हीच जोडणी सुचवली होती, कारण त्यात केबल बदलावी लागत नव्हती. मी कागदावर आकृती काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उभ्याउभ्याच पाहिली, बोटाने रेघेवरून दोनदा फेरा मारला आणि “आसं असंल तर नगंच” म्हणून पुढच्या कामाला लागले.

दुसरी जोडणी म्हणजे जुना सोलेनॉइड काढून टाकणे, बॅटरीची केबल थेट नव्या सेल्फला नेणे आणि किल्लीची तार सरळ छोट्या टर्मिनलला लावणे. नव्या गाड्यांत ढोबळपणे असेच असते, पण त्या गाड्यांच्या किल्लीचा स्विच त्यासाठी बनवलेला असतो. अशा सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. संपर्क मिटेपर्यंतच्या क्षणभरात दोन्ही मिळून वीस-तीस अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह घेतात. संपर्क मिटला की ओढणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांवर विजेचा सारखाच दाब येतो, तिच्यातला प्रवाह थांबतो आणि फक्त धरणारी गुंडाळी काम करत राहते. आमच्या गाडीचा किल्लीचा स्विच आणि त्याची पांढऱ्यावर लाल रेघ असलेली बारीक तार जुन्या सोलेनॉइडच्या लहान गुंडाळीसाठी घातलेली होती. तिच्यावर एवढा भार टाकला तर स्विचच्या आतले संपर्क जळतात. त्याआधीच जुनाट तारेत व्होल्ट गळून सोलेनॉइड अर्धवट ओढला जाऊ लागतो आणि पुन्हा तोच ‘कट्’ ऐकू येतो. नवा सेल्फ घातला तरी गाडी घेत नाही, अशी कुरकूर करणाऱ्यांपैकी निदान काहींच्या गाडीत हेच झालेले असणार असे मला वाटते.

यावर सर्वमान्य उपाय म्हणजे मध्ये एक रिले, म्हणजे लहान प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच, टाकणे. बाजारात १२ व्होल्टचा, ३० किंवा ४० अँपिअरचा साधा रिले सहज मिळतो. त्याच्या ८६ क्रमांकाच्या टर्मिनलवर किल्लीची तार, ८५ वर अर्थ, ३० वर बॅटरीकडून फ्यूजसह येणारी तार आणि ८७ वरून सेल्फच्या छोट्या टर्मिनलकडे जाणारी तार, इतकी ती जोडणी सरळ आहे. किल्लीच्या स्विचवर मग अँपिअरच्या एका अंशाएवढाच भार राहतो.

आम्ही रिलेही टाकला नाही. पत्र्यावरचा जुना सोलेनॉइड चांगल्या अवस्थेत होता आणि तो मुळात एक मोठा रिलेच असतो. त्याच्या एका जाड खांबावर बॅटरीची वीज कायम असते, दुसऱ्या खांबावर ती किल्ली फिरवल्यावर येते. म्हणून बॅटरीपासून नवी जाड केबल थेट सेल्फच्या जाड टर्मिनलला नेली. जुन्या सोलेनॉइडचा बॅटरीकडचा खांब होता तसाच ठेवला, कारण गाडीच्या बाकीच्या वायरिंगला वीज पुरवणाऱ्या तपकिरी तारा त्याच खांबावरून निघतात आणि तो हलवला असता तर त्या सगळ्यांसाठी दुसरी जागा शोधावी लागली असती. त्याच्या दुसऱ्या खांबावरून, जिथून पूर्वी सेल्फची जाड केबल निघत असे, तिथून आता फक्त ६ चौरस मिलिमीटरची एक तार सेल्फच्या छोट्या टर्मिनलला गेली. जनित्राच्या उलट्या विजेचा प्रश्न इथे येत नाही, कारण सेल्फच्या जाड आणि छोट्या टर्मिनलांना बाहेरून जोडणारा दुवाच उरत नाही. किल्लीची मूळ तार जागची हलली नाही. शिवाय या जुन्या सोलेनॉइडच्या बुडाशी रबरी टोपीखाली एक बटण असते. ते अंगठ्याने दाबले की बॉनेटपाशी उभे राहूनच सेल्फ फिरवता येतो. व्हॉल्व्हची फट जुळवताना किंवा पॉइंट बघताना ही सोय फार उपयोगी पडते आणि ती गमवायची माझी तयारी नव्हती. मात्र गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि हँडब्रेक ओढलेला आहे हे पाहिल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नये.

केबल ३५ चौरस मिलिमीटरची, बारीक तांब्याच्या अनेक तारांची घेतली. अशा केबलमध्ये २०० अँपिअर वाहत असताना दर मीटरला सुमारे ०.१ व्होल्ट खर्च होतो. १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हाच खर्च दुपटीहून अधिक होतो. दुकानात ‘बॅटरी केबल’ म्हणून मिळणाऱ्या वस्तूत प्लास्टिकचे आवरण जाड आणि आतले तांबे अगदी बारीक असा प्रकार सर्रास आढळतो, म्हणून टोक कापून आतली जाडी बघूनच घ्यावी. टोकांना तांब्याचे लग, म्हणजे बोल्टमध्ये अडकवायची भोकाची टोके, बसवले. मिस्त्रींची पद्धत लग विस्तवावर तापवून आत शिसे ओतायची होती. मी हायड्रॉलिक क्रिम्पने दाबून घेण्याचा आग्रह धरला, कारण डाख भरलेली तार लगच्या तोंडाशी ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. मोटारी भरणाऱ्या एका कारखान्यात ते यंत्र होते. तिथे दाबून घेतलेला एक लग मिस्त्रींनी पकडीत धरून पिळून, ओढून पाहिला आणि तो हलेना तेव्हा त्यांनी बाकीचे लग स्वतःच पुढे केले.

जोडणीपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडली आणि सगळ्यात शेवटी ती लावली. पॉझिटिव्ह सोडताना पाना पत्र्याला टेकला तर बॅटरीतली सगळी ताकद त्या पान्यातून वाहते. निगेटिव्ह आधी सुटलेली असली की पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. नव्या जोडणीत ही खबरदारी अधिकच महत्त्वाची ठरते, कारण पूर्वी सेल्फपर्यंतची केबल फक्त किल्ली फिरवल्यावर जिवंत होत असे आणि आता ती रात्रंदिवस जिवंत असते, तीही मध्ये फ्यूज नसताना. म्हणून तिच्यावर पूर्ण लांबीभर नालीदार नळी चढवली, तिला स्टिअरिंगच्या दांड्यापासून आणि इंजिनाच्या तापणाऱ्या भागांपासून दूर नेले, पत्र्याला जिथे ती टेकते तिथे रबराचे पट्टे घालून क्लॅम्प केली आणि इंजिन हलते त्यासाठी सेल्फजवळ थोडी सैल सोडली. सेल्फच्या टर्मिनलवर रबरी टोपी बसवली.

टर्मिनलचा नट आवळताना एक काळजी घ्यावी लागते. सोलेनॉइडच्या झाकणातून बाहेर येणारा खांब तांब्याचा असतो आणि तो बेकेलाइटसारख्या ठिसूळ झाकणात बसवलेला असतो. वरचा नट जोर लावून फिरवला तर खांब आतल्या आत फिरतो, झाकणाला तडा जातो किंवा आतला संपर्क तिरका होतो. म्हणून खालचा नट एका पान्याने धरून ठेवायचा आणि वरचा दुसऱ्या पान्याने बेताने आवळायचा. नव्या सेल्फवर आणखी एक पाते होते, जे काही गाड्यांत सेल्फ मारताना इग्निशन कॉइलला पूर्ण व्होल्ट देण्यासाठी वापरतात. आमच्या कॉइलला वेगळा रेझिस्टर नसल्याने ते रिकामेच ठेवले आणि त्यावर टोपी चढवली.

अर्थच्या पट्टीसाठी इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा रंग कानशीने खरवडून पांढरा धातू दिसेपर्यंत साफ केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळले आणि वरून ग्रीस लावले. बॅटरीचा निगेटिव्ह सांगाड्याला जिथे जोडला जातो ती जागाही तशीच साफ केली. तिथे रंगाच्या आणि गंजाच्या थरांमध्ये पुराच्या मातीची पिवळसर रेघ अजून दिसत होती. सेल्फचे तोंड जिथे बेलहाऊसिंगवर, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या धातूच्या कवचावर, टेकते ती जागादेखील घासून घेतली, कारण सेल्फची अर्थ त्याच्या अंगातूनच जाते.

पुन्हा डिस्ट्रिब्युटरची मधली तार काढून मीटर लावला. सेल्फ फिरताना बॅटरीवर ११ व्होल्ट, पॉझिटिव्ह बाजूची घट ०.२, अर्थची ०.१, म्हणजे मोटरला १०.७. छोट्या टर्मिनलवरही मोजून पाहिले, कारण बहुतेक जण तिथे मोजत नाहीत आणि अर्धवट ओढल्या जाणाऱ्या सोलेनॉइडचे कारण तिथेच सापडते. तिथला आकडा जाड टर्मिनलच्या बरोबरीचा आला. मग तार जागेवर लावून गाडी सुरू केली. जुन्या सेल्फचा आदळल्याचा ‘खाड्’ आवाज गेला आणि त्याजागी नव्या गाड्यांसारखा बारीक, झपाट्याचा आवाज आला. अ‍ॅम्बॅसॅडरच्या बॉनेटखालून तो आवाज येणे थोडे विचित्र वाटते हे मान्य करायला हवे. गाडी मिरजेला नेऊन, इंजिन चांगले तापवून तिथेच बंद केली आणि लगेच किल्ली फिरवली, तेव्हाही ती पहिल्याच फटक्यात लागली.

पुढे काही आठवड्यांनी केबलचे सगळे नट पुन्हा तपासले. नव्या लगचे तांबे दाबाखाली किंचित बसते आणि नट सैल वाटू लागतात, तसा सेल्फवरचा एक नट थोडा फिरला. चोकची केबल नवी घातली. कायम जिवंत केबलमुळे गाडी रस्त्यावर उभी करताना मनाला जी रुखरुख होती, तिच्यासाठी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच बसवून घेतला. तो घेताना त्यावर छापलेला अँपिअरचा आकडा पाहावा लागतो. सेल्फचा प्रवाह न पेलणारे हलके स्विचही बाजारात आहेत आणि ते बसवले, तर अर्थच्या बाजूची वाचवलेली व्होल्टची घट पुन्हा त्याच वाटेने परत येते. आमच्या स्विचवरची घट सेल्फ मारताना मोजली, ती मीटरवर जेमतेम दिसण्याइतकी आहे.